पडलो म्हणायचं नाही

वारा त्या दिवशी असा सुटला होता, की रस्त्यावर माणसं एकीकडे चालली होती आणि त्यांच्या टोप्या दुसरीकडे. समोरच्या लाँड्रीवाल्याचा एक शर्ट उडाला तो म्हणे तीन गावं ओलांडून गेला, आणि तिथे कुणाला तरी अगदी मापात बसला.

अशा वाऱ्यात विमा कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी एक मुलगी बसली होती. बसली होती म्हणजे नावाला. पाय हलतोय, पेन उघड-मीट चाललंय, केस बांधले, सोडले, परत बांधले... खुर्चीत बसल्या बसल्या ती दिवसाकाठी चार मैल तरी चालत असेल. ऑफिसात तिला सगळे चुळबुळ म्हणायचे. तिलाही आता त्याच नावाने हाक मारली की आधी ऐकू यायचं.

काम होतं आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं. कोण बाथरूममध्ये घसरलं, कुणाच्या बोटावर खलबत्ता पडला, कोण आपल्याच कुत्र्याला अडखळलं. दिवसभर लोकांची मोडकी हाडं वाचून वाचून तिचा जमिनीवरचासुद्धा विश्वास उडाला होता. कठडा धरल्याशिवाय ती जिना उतरत नसे. केळं खाल्लं तर साल कचऱ्यात टाकून, ते बाहेर तर आलं नाही ना, म्हणून वळून बघायची.

आणि अशा मुलीच्या खिडकीवर टकटक झाली. दुसऱ्या मजल्यावर... बाहेरून.

तिने मान वर केली. काचेपलीकडे एक बूट होता. बुटात पाय होता. पायाच्या वर, सिल्व्हर ओकच्या फांद्यांत, दोऱ्यांनी गुंडाळलेला एक तरुण लोंबकळत होता, आणि त्याच्याही वर, झाडाला टोपडं घालावं तशी एक नारिंगी छत्री पसरली होती. हात दोऱ्यांत अडकलेले, म्हणून बिचारा उजव्या पायाने काच वाजवत होता.

तिने खिडकी उघडली.

"जरा पाणी मिळेल का?" तो म्हणाला. जसं काही दारात उभा आहे.

"तुम्ही... इथे कसे?"

"पॅराग्लायडिंग. टेकडीवरून निघालो, पलीकडच्या मैदानात जायचं होतं. वाऱ्याच्या मनात वेगळं होतं."

"अहो, झाडावर पडलात तुम्ही!"

"छे, छे. उतरलो."

"झाडावर?"

"झाडावर उतरलो. आमच्यात पडलो म्हणत नाहीत. पडलो म्हटलं की पुढच्या वेळी पाय जड होतात. कुणीही उडणारा तुम्हाला हेच सांगेल."

तिने पडद्याच्या दांडीला पाण्याची बाटली बांधली आणि दांडी बाहेर काढली. तेवढ्यात नजर खाली गेली, तशी तिने दुसऱ्या हाताने चौकट घट्ट धरली.

"गरगरतंय?" त्याने विचारलं. "मग खाली नका बघू. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघून जास्तच गरगरतंय."

तो हसला. असा हसला की फांदी हलली, फांदीबरोबर तो हलला, आणि तिच्या हातातली दांडीही हलली. तोंडानेच बाटलीचं झाकण उघडून तो पाणी प्यायला, निम्मं अंगावर सांडलं.

"कसलं ऑफिस आहे हे?"

"आरोग्य विम्याचं."

"अरे वा! माझी पॉलिसी तुमच्याकडेच आहे की."

"साहसी खेळांचं कव्हर जोडून घेतलंय ना त्याला? वेगळं घ्यावं लागतं ते. नाहीतर उडण्यात काही मोडलं तर आम्ही देत नाही."

"एजंट मागे लागला होता. म्हटलं, मी पडतच नाही, तर कशाला?"

हे तो कुठून म्हणत होता? झाडावरून. तिने कपाळाला हात लावला... आणि त्या हाताआडून त्याच्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

मग आगीचा बंब आला, शिडी आली, बघे तर इतके आले की मागच्यांना पुढच्यांनी काय चाललंय ते ओरडून सांगावं लागलं. चुळबुळ धावत खाली गेली. कठडा न धरता गेली, हे तिच्या मागून उतरणाऱ्या विभागप्रमुख मॅडमनी बघितलं आणि त्या जिन्यातच थबकल्या. पण त्याने शिडीवर पाय ठेवला मात्र, हिचा धीर संपला. दोन्ही हातांनी डोळे झाकून ती गर्दीच्या मधोमध उभी राहिली. बंबवाले काका म्हणत होते, "सावकाश... हां, तो पाय इकडे... आलंच आता..." आणि मग, धप्प.

तिने डोळे उघडले. तो शिडीच्या पायथ्याशी गवतावर बसला होता. चेहरा पांढराफटक, ओठांवर हसू.

"उतरलो," तो तिला म्हणाला.

उजवं पाऊल मात्र भलत्याच दिशेला बघत होतं.

*

क्लेम तिच्याच टेबलावर आला. येणारच होता. घोट्याच्या हाडाचा तुकडा पडला होता. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू घालायला हवे होते. त्यासाठी कंपनीचा होकार हवा, नाहीतर त्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून एवढा खर्च निघणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, नुसतं प्लास्टर घातलं तर चालेल, पण धावता येणार नाही. आणि उडायचं म्हणजे आधी उतारावरून धावावं लागतं. धावणं गेलं की आकाश गेलं.

त्याचा जबाब घ्यायला चुळबुळ दवाखान्यात गेली. खाटेशेजारी त्याची आई बसली होती.

"तुम्हीच का खिडकीतल्या?" आईने तिला चपलेपासून केसांपर्यंत बघून घेतलं. "दोन दिवस झाले, डोकं खातोय माझं. पाणी काय गोड होतं म्हणे. नळाचंच ना?"

"आई..."

"गप्प बस, उडाणटप्पू." मग तिच्याकडे वळून, "लहानपणापासून असाच. पाळण्यात ठेवला की कपाटावर सापडायचा. घारी याला मध्ये येऊ नकोस म्हणून दटावायच्या. याच्या वडिलांना स्टुलावर चढलं तरी घाम फुटायचा, आणि हा कुणावर गेलाय देव जाणे."

"आई, चहा आण ना जरा."

"जाते. तेवढं कळतं मला," म्हणत आई उठली.

तिने पेन उघडलं. मिटलं. उघडलं. "पाय कसा मोडला ते सांगा. तुमच्या शब्दांत."

"उड्डाण संपवून उतरताना मुडपला."

"नक्की?"

"नक्की." पण बोलताना त्याने खिडकीकडे बघितलं. "तुम्ही इतका पाय का हलवताय? खाट हलतेय माझी."

"सवय आहे."

"मी असताना की एरवीपण?"

"एरवीपण," ती म्हणाली. "तुम्ही असताना... थोडा जास्त." आणि वही उचलून अशी निघाली की चहा घेऊन येणाऱ्या आईला दारात धडकता धडकता वाचली.

मॅडमनी कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "उडण्यात मोडलाय. साहसी खेळ, कव्हर नाही. नकार कळवून टाक या आठवड्यात."

झालं. त्या दिवसापासून चुळबुळीचं खुर्चीशी भांडणच लागलं. उठायची, पाण्याच्या माठापर्यंत जायची, पाणी न पिता परत यायची. नकाराचं पत्र उघडायची, बंद करायची. त्याचं आकाश जाणार म्हणून जीव तुटत होता, आणि... आत कुठेतरी एक चोरटा आवाज म्हणत होता, बरं होईल गं, जमिनीवर राहील. सायकली दुरुस्त करील. संध्याकाळी घरी येईल, दोन्ही पायांवर. कुणाच्या घरी, ते मात्र तो आवाज सांगत नव्हता.

त्या आवाजाची तिला इतकी लाज वाटली, की हाताला चाळा हवा म्हणून तिने फडकं घेतलं आणि खिडकी पुसायला लागली. आतून पुसली. मग, जन्मात जे केलं नव्हतं ते केलं, चौकट धरून हात बाहेर काढला. काचेवर धुळीचा एक डाग होता. बुटाचा. पुढचं टोक, त्याच्या बाजूला आणखी टोक... टकटक, टकटक.

उजव्या पायाचा.

तिचा हात थांबला. हललाच नाही. मोडक्या घोट्याने कुणी काच वाजवत नाही. झाडावर आला तेव्हा पाय धडधाकट होता. पत्र तसंच ठेवून ती निघाली.

*

"तुम्ही खोटं बोललात," ती दारातूनच म्हणाली.

आई चहा आणायला स्वतःहूनच उठली.

"मी?"

"उजव्या पायाने माझी काच वाजवलीत तुम्ही. उतरताना मोडला असता तर झाडावर ओरडत असता. पाणी मागत नसता."

तो चादरीच्या टोकाला पीळ देत राहिला.

"शिडीवर काय झालं?"

"काही नाही."

"झाडावरून शिडीवर आलात. मग?"

"मग खाली आलो."

"कसे?"

"...जरा वेगाने."

"म्हणजे पड..."

"म्हणू नका ना."

"अहो, तुम्हाला कळतंय का?" तिचा आवाज चढला. "उडण्यात मोडला तर कव्हर नाही. शिडीवरून कुणीही खाली येतं. रंगारी येतात, आज्या येतात, त्याला कव्हर आहे! एका शब्दासाठी आख्खं आकाश घालवताय तुम्ही."

"टेकडीवरून उडतो मी," तो हळूच म्हणाला. "ढगांच्या पोटाला हात लावून आलोय. आणि सांगू काय सगळ्यांना? शिडीच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून? दोस्त हसून हसून मरतील."

"मग मरू देत त्यांना. त्यांचा क्लेम आला की बघू."

त्याला हसू आलं. तिला नाही आलं. ती खाटेच्या कडेवर बसली, आणि मनात नव्हतं तरी बोलून गेली, "मला वाटलं होतं, तुमच्या क्लेमला नाही म्हणावं. म्हणजे तुम्ही खालीच राहाल. ते वाटणं अजून गेलं नाहीये. तरी आलेय. आता तुम्ही खरं सांगा."

त्याने चादरीचा पीळ सोडला.

"आख्खी गर्दी वर बघत होती," तो म्हणाला. "कुणी फोटो काढत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. मधोमध एकच मुलगी दोन्ही हातांनी डोळे झाकून उभी. मला वाटलं, हिला बघवत नाहीये... माझं काही होईल म्हणून. आजवर माझ्यासाठी कुणी डोळे झाकले नव्हते हो. आई तर शिव्या देते. मी बघत राहिलो... आणि पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या."

"मग?"

त्याने डोळे मिटले, कडू औषध घ्यावं तसे.

"पडलो."

तिने लिहून घेतलं. अक्षर इतकं हललं होतं की मॅडमनी नंतर विचारलं, बसमध्ये लिहिलंस का. कारणाच्या रकान्यात तिने फक्त लिहिलं, लक्ष दुसरीकडे होतं. कुठे, ते कंपनीला कशाला हवं?

मॅडमनी बंबवाल्या काकांना फोन लावला. काका आधी खाकरले, मग म्हणाले, "सुटला हो हातातून. सुखरूप उतरवला असं लिहिलंय मी... आता बदलतो." आणि होकार गेला. स्क्रू बसले. पट्टी बसली. झाडावर राहिलेल्या नारिंगी कापडाच्या चिंधीचं एका कावळीने घरटं केलं, आणि त्या घरट्यातली पिल्लं म्हणे अंड्यातून निघाली ती थेट उडालीच.

बरा झाल्यावर तो आधी ऑफिसात आला. जिन्याने. साहसी खेळांच्या कव्हरवर सही केली, पेन परत देताना तिचं बोट जरा जास्त वेळ धरलं, आणि म्हणाला, "रविवारी टेकडीखाली येशील? डोळे झाकलेस तरी चालेल." अहो-जाहो कुठे सांडली, दोघांनाही कळलं नाही.

रविवारी वारा मऊ होता. ती मैदानात इतक्या येरझाऱ्या घालत होती की गवतात पायवाट पडली. वर नारिंगी ठिपका सुटला. तिने हात डोळ्यांवर नेले... आणि बोटं फाकवली. फटीतून बघितलं. ठिपका मोठा झाला, वळला, तिच्या डोक्यावरून सावली गेली, आणि तो तिच्यापुढे दोन्ही पायांवर अलगद येऊन उभा राहिला. पिसासारखा. एक गवताची काडीसुद्धा मोडली नाही.

"उतरलास," ती म्हणाली. श्वास आत्ता सुटला होता तिचा.

तो दोऱ्या सोडवत जवळ आला. "पडलो."

"कुठे? चांगला उभा तर आहेस."

"आत्ता नाही गं. तेव्हाच. अजून उठलो नाहीये."

तिने त्याच्याकडे बघितलं, खाली गवताकडे बघितलं, परत त्याच्याकडे.

"याला आमच्याकडे कव्हर नाही," ती म्हणाली.

"चालेल."

"मीपण..." एवढंच म्हणून ती थांबली. आणि मग लक्षात आलं, हात हलत नाहीयेत, पाय हलत नाहीयेत. इतकी चुळबुळी मुलगी, वाऱ्यात, एका जागी, शांत उभी होती.