पुलावरची दहा मिनिटं

"तुम्ही मला रोज पुसून टाकता," असं म्हणत तो आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी डबा खात होते. घास तोंडातच राहिला.

आमच्या कंपनीनं संगणकात एक अख्खं शहर उभं केलंय. पूर आला तर माणसं कशी बाहेर काढायची, याचा सराव तिथं चालतो. लाखभर खोटी माणसं, आणि कोण कुठं आहे याची क्षणाक्षणाला नोंद. ती साठवायचं काम माझं. सगळंच ठेवलं तर सर्व्हर तुडुंब भरतील, म्हणून मी एक नियम केला होता – जो दहा मिनिटं जागचा हलला नाही, तो पुसायचा. आणि हा तिसऱ्या मजल्यावरचा परीक्षक! दिवसभर पडद्यावरून त्या शहरात हिंडून चुका शोधायच्या, तर हा नदीवरच्या पुलावर तंद्री लावून उभा.

"मग हलत जा की जरा."

"नदी बघताना कुणी हलतं का?" तो हसला... गालाला खळी पडली. तिची नोंद कुठल्याही नियमानं पुसली जाणार नव्हती.

मग रोज नवी तक्रार घेऊन तो वर यायला लागला. कधी झाडाची सावली उशिरा पडते, कधी पाऊस छत्रीच्या आतच पडतो. मी कामाचा आव आणायचे. घरी आई विचारायची, हल्ली एकटीच काय हसतेस?

आणि सोमवारी कळलं, सराव संपला. शुक्रवारी पाचला शहर पुसायचं. त्याचंही काम तिथवरच; शनिवारी तो दुसऱ्या गावी रुजू होणार होता. त्यानं सांगितलं, मी "छान" म्हटलं. छान कसलं डोंबलाचं.

शुक्रवारी दुपारी मी जुन्या नोंदी चाळत बसले. रोज चारला माझी लाल छत्रीवाली बाई, म्हणजे त्या शहरातली मी, पूल ओलांडायची – साठवण नीट चालते ना, हे बघायला. ती माझी, हे मी त्याला एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. त्या दिवसापासून हा साडेतीनलाच पुलावर. दर नऊ मिनिटांनी एक पाऊल डावीकडे, मग एक उजवीकडे. पुसलं जाऊ नये म्हणून. छत्री पलीकडे गेली की हाही निघायचा. तीन महिने रोज. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

चार वाजले. मी छत्री घेऊन पुलावर गेले, पण ओलांडला नाही. त्याच्याशेजारी थांबले... नदी वाहत राहिली. पडद्यावर त्याची अक्षरं उमटली, "हला, नाहीतर पुसल्या जाल."

"जाऊ दे," मी लिहिलं. "तूही हलू नकोस."

पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. तो हलला नाही. दहा मिनिटं भरली, आणि पूल रिकामा झाला.

जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडलं, तर तो धापा टाकत समोर.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "खूप."

"उद्या जायचंय मला..."

"जा. रविवारी परत ये."

"येतो," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात धरला.

पाच वाजता शहर पुसायचं होतं. ते मी एकाच हातानं पुसलं.