बियाण्याची काकडी

सव्वीस मुलं, दोन रांगा आणि मी. जुन्या हवेलीमागच्या परसबागेच्या दारात तो झारी घेऊन उभा होता. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं, म्हणजे बारकीनं, त्याला हाक मारली, "माळीकाका…"

तो तिशीचाही नसावा. 'काका' त्याला लागलं, हे मी लगेच टिपलं. माणसांची अशी टिपणं ठेवायची मला खोडच आहे. बाह्या कोपरापर्यंत, नखांत माती, दाढी घाईत केलेली. डोळे मात्र निवांत.

"दादा म्हटलं तरी चालेल," तो म्हणाला. कुणी म्हटलं तर, ते मोकळंच ठेवलं.

"मुलांना चालेल," मी म्हणाले.

बाग दोनशे वर्षांची. चारी बाजूंनी विटांची उंच भिंत, मधे विहीर आणि एका अंगाला मुदपाकखान्याची धुरानं काळवंडलेली खिडकी. पूर्वी त्या खिडकीतून आचारी ओरडायचा आणि माळी पाटी भरून पोचवायचा, असं त्यानं मुलांना सांगितलं.

"आता ओरडायला कुणी नाही," असंही म्हणाला… माझ्याकडे बघत.

"ते काम मी शाळेत रोज करते. आज सुट्टी आहे."

बागेचा रिवाज असा, की जाताना प्रत्येक मुलानं एक काहीतरी तोडून न्यायचं. तो विहिरीवरचा पंप बंद करायला गेला, तेवढ्यात मुलांनी मला गाठलं. बाई, कुठलं तोडू? मधूनच एखाद्या फळाला लाल चिंधी बांधलेली दिसत होती. कुणाला न विचारता उत्तर द्यायची सवय शिक्षकाला लागतेच.

"चिंधीवालं तोडा," मी ठामपणे म्हणाले. "आपल्यासाठीच खूण केलीय."

तो परतला तेव्हा बाकीची मुलं अजून चिंध्याच शोधत होती, आणि बारकीच्या कडेवर तान्ह्या बाळासारखी एक जाडजूड, पिवळी पडू लागलेली काकडी होती.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला.

"ही बियाण्याला राखलेली," हळूच म्हणाला. "चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. या जातीचा हा एकच वेल जगलाय… आणि वेलावर ही एकच."

बारकीनं काकडी मुकाट त्याच्यापुढे धरली.

"तिला मीच सांगितलं," मी म्हणाले. "चूक माझी. आधी उपाय सांगा, माफी नंतर सावकाश मागते."

त्यानं काकडी हातात फिरवली, देठ निरखला. "वीस दिवस कोरड्या सावलीत ठेवली तर आतलं बी पिकेल… कदाचित. नरम पडली की संपलं."

"माझ्या वर्गातलं कपाट कोरडं आहे. पहारेकरी सव्वीस."

तो घुटमळला. बागेच्या दाराशी तिकिटं देणारी त्याची आत्या खिडकीतून सगळं ऐकत होती. "दे रे तिला," ती म्हणाली. "तू जपलेली मागची काकडी उंदरांनी खाल्ली."

मग दर दोन दिवसांनी तो शाळेत येऊ लागला. पहिल्या खेपेला नखं स्वच्छ. दुसऱ्या खेपेला इस्त्रीचा शर्ट. तिसऱ्या खेपेला काकडीकडे बघायचंच विसरला.

"इतक्यांदा नाही बघितलं तरी चालतं ना?" मी विचारलं.

"चालतं."

"मग?"

"मग काय… काकडीला चालतं."

विसाव्या दिवशी काकडी चिरली. गर दोन दिवस पाण्यात मुरवला, आणि शाळा सुटल्यावर तो, मी आणि आग्रहानं मागे राहिलेली बारकी असे तिघं वाडग्यावर वाकलो. भरलेलं बी तळाशी बसतं, पोकळ असतं ते तरंगतं. त्यानं बोटानं पाणी ढवळलं. एक तरंगलं. दुसरं तरंगलं. मग मूठभर एकदमच वर आलं, आणि त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

"खाली बघा की," बारकी म्हणाली.

तळाशी अकरा बिया होत्या.

"पुरतील?" मी विचारलं.

"वाफा भरायला नाही. जात जगायला पुरतील." तो कागदावर बिया मांडू लागला. सहा इकडे, पाच तिकडे. "सगळं बी एका घरात ठेवायचं नसतं. एका घराला काही झालं तरी दुसऱ्यात उरतं. सहा माझ्याकडे, पाच तुमच्याकडे."

"आणि दोन्ही घरं एकच झाली तर?"

विचारून टाकलं. त्याचे कान लाल झाले, पण नजर या वेळी हलली नाही.

"तर…" तो म्हणाला, "पाच बियांना तिसरं घर बघावं लागेल."

"माझ्याकडे ठेवा," बारकीनं हात वर केला. "मी कुण्णाला तोडू देणार नाही."

त्यानं पाच बिया पुडीत बांधून तिच्या हवाली केल्या. उरलेल्या सहा माझ्या तळहातावर ठेवल्या आणि वरून स्वतःचा हात ठेवला.

"बाई," बारकी म्हणाली, "मी घरी जाऊ का?"

"जा," आम्ही दोघंही म्हणालो.