गुरुवारची बोट

शेवाळावर उमटलेली चाकाची खूण ती उमटवणाऱ्या माणसापेक्षा जास्त वर्षं जगते.

पायपेटीतल्या पितळी पट्ट्या कापसात गुंडाळून न्याव्या लागतात, अंड्यांसारख्या.

ब्रिन्याच्या वडिलांनी आयुष्यात एकदाही बोटीचं तिकीट काढलेलं नाही.

आइसलंडच्या पूर्वेकडच्या एका खाडीतून आठवड्याला एकच मोठी बोट सुटते. गुरुवारी.

तळ्याकाठच्या गरम वाळूत पावाचा डबा पुरला, की वर खुणेचा दगड ठेवतात. ज्याचा दगड, त्याचा पाव. आणि दगड – सगळेच काळे.

*

तर ब्रिन्या त्या तळ्याकाठी भुरभुरत्या पावसात बसून पाव खात होती. राईचा काळा, गोडसर पाव. दिवसभर वाळूच्या पोटात शिजलेला. लोणी लावायचा अवकाश, ते विरघळून बोटांवर ओघळत होतं. पहिला तुकडा तिनं उभ्यानं संपवला. दुसऱ्याला ती खाली बसली. तिसऱ्याला तिचे डोळे मिटले.

"कसा झालाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"अप्रतिम," डोळे न उघडताच ती म्हणाली. "माझ्या हाताला अशी चव कधीच नव्हती."

"अजूनही नाहीये."

तिनं डोळे उघडले. हातात फावडं घेतलेला एक उंच तरुण. लोकरीच्या स्वेटरवर पावसाचे थेंब मण्यांसारखे अडकलेले. तो रागावलेला नव्हता, पण हसतही नव्हता… म्हणजे ओठ हसत नव्हते.

"तो पाव माझा आहे," तो म्हणाला. "तुझा डबा तिकडे, चार पावलांवर. वाऱ्यानं तुझा दगड घरंगळला असणार."

ब्रिन्यानं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. या गावात संपूर्ण उन्हाळा तिनं पोहण्याच्या तलावावर काम केलं होतं, आणि परक्याचा डबा उकरणाऱ्यांना गावकरी काय काय म्हणतात ते सगळं ऐकलं होतं. तिला वाळूनं गिळलं असतं तर बरं वाटलं असतं.

"माझा घे ना," ती कशीबशी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत होईल तयार."

"मला निघायचंय. पूर्वेला. गुरुवारची बोट आहे."

"पूर्वेला? किती पूर्वेला?"

"जमीन संपेपर्यंत."

ब्रिन्यानं बोटावरचं लोणी चाटलं. ती ज्या मैत्रिणीच्या गाडीतून घरी जाणार होती ती सकाळपासून तापानं फणफणली होती. रविवारी मेंढ्या डोंगरावरून खाली यायच्या होत्या, आणि त्या दिवशी घरी नसणं म्हणजे आईचं वर्षभर ऐकून घेणं.

"मी जमीन संपायच्या जरा अलीकडे राहते," ती म्हणाली. "माझा पाव तयार होईपर्यंत थांबलास, तर तो पावही येईल. मीपण येईन."

"म्हणजे माझा पाव खाल्लास, वर माझ्याच गाडीतून घरी जाणार?"

"हो. आणि अर्धा पाव अजून शिल्लक आहे. तू उभा का?"

तो बसला. त्याचं नाव कोल्बेन.

*

गाडी अंड्याच्या बलकासारखी पिवळी. मागे एक पलंग, एक शेगडी आणि पायपेट्यांचं इस्पितळ – एकीचा भाता, दुसरीची पावटी, तिसरीचं नुसतंच झाकण. कोल्बेन खेड्यापाड्यांतल्या चर्चमधल्या पायपेट्या दुरुस्त करायचा.

"आणि आता?"

"डेन्मार्कमध्ये एक म्हातारा आहे, मोठे ऑर्गन बांधतो. त्यानं शिकायला बोलावलंय. किती वर्षांसाठी ते… माहीत नाही. आपल्याकडे चर्चंच एवढीएवढीशी. माझं काम संपत आलंय इथलं."

ती हं म्हणाली. खिडकीबाहेर धुकट डोंगर मागे जात होते. रस्त्यात खड्डा आला, की मागच्या कापसातून एक अस्पष्ट सूर उमटायचा. थोड्या वेळानं ब्रिन्या खड्डा दिसला की आधीच तो सूर गुणगुणायला लागली. कोल्बेननं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा खड्डा चुकवायचा तो चुकवला नाही.

*

काळ्या वाळवंटातल्या उंचवट्यापाशी ती ओरडली, "थांबव, थांबव!" तिथे दगडांची शेकडो उतरंडी. या वाटेनं पहिल्यांदा जाणाऱ्यानं दगड रचायचा, प्रवास सुखाचा होतो. कोल्बेन पश्चिमेच्या खाड्यांतला. इतक्या पूर्वेला तो कधी आलाच नव्हता.

"तू नाही रचत?"

"माझा रचून झालाय. सहा वर्षांची असताना. दुसऱ्यांदा रचला तर तो दगड देवाघरी जमा होत नाही."

त्यानं बराच वेळ शोधून एक चपटा दगड घेतला. वारा असा, की दोघांना एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावं लागत होतं.

"कोणता प्रवास सुखाचा व्हावा म्हणू?" त्यानं विचारलं. "बोटीचा, की हा?"

"दगड एकच आहे. जपून माग."

त्यानं डोळे मिटले. काय मागितलं ते सांगितलं नाही. समोर बर्फाच्या टोपीखाली ज्वालामुखी कात्ला निजली होती.

"आज फुटली तर?" गाडीत बसताना तो म्हणाला.

"तर रस्ता बंद. बोट चुकणार तुझी."

"आणि?"

"आणि काय? पाव आहे, कॉफी आहे…" ती पट्टा लावता लावता अडखळली. "शेगडी आहे."

"शेगडी महत्त्वाची," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

*

शेवाळानं झाकलेल्या लाव्हाच्या माळापाशी त्यांनी कॉफी केली. नजर जाईल तिथवर राखाडी-हिरव्या गाद्या, पावसानं फुगलेल्या. रस्त्यालगत कुणीतरी गाडी आत घातली होती. दोन काळे ओरखडे सरळ आत गेलेले.

"असं करवतं तरी कसं," कोल्बेन म्हणाला. "कधी भरून निघणार हे?"

"आपण नसू तेव्हा."

मग कप हातात फिरवत, त्याच्याकडे न बघता, तिनं वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांना तरुणपणी समुद्रावर जायचं होतं. नॉर्वेच्या एका जहाजावर जागाही मिळाली होती. आई म्हणाली – थांब. एकच शब्द. बाबा थांबले.

"मग… दुःखी आहेत ते?"

"नाही रे, तेच तर! मजेत आहेत. मेंढ्यांशी गप्पा मारतात, आईच्या फालतू विनोदांना हसतात. पण समुद्र आमच्यापासून डोंगरापलीकडे, आणि हा माणूस रोज सकाळी रेडिओवर लाटांची उंची ऐकतो. शेतकऱ्याला लाटा कशाला हव्यात, सांग?" तिनं उरलेली कॉफी एका घोटात संपवली. "लहान असताना मला वाटायचं, बाबा एवढं काय ऐकतात. मोठी झाल्यावर कळलं. तेव्हाच ठरवलं – आपण कोणाला थांब म्हणायचं नाही. कधीच."

कोल्बेननं तिच्या हातातून रिकामा कप घेतला. कप घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ त्याची बोटं तिथे राहिली.

*

पुढच्या दुपारी वाळूचं वादळ उठलं. पुढचा रस्ता बंद. पेट्रोल पंपाच्या आडोशाला गाडी उभी करून दोघं मागे, भात्यांच्या गर्दीत बसली. बाहेर वाळू पत्रा तासत होती. कोल्बेननं कापूस उलगडून दोन पट्ट्या काढल्या. एक स्वतः फुंकली, एक तिला दिली.

"एकदम फुंक."

दोन सूर निघाले. जवळजवळ सारखे. पण हवा कशी थरथरली – जणू गाडीत तिसरंच कोणी श्वास घेतंय.

"हे काय?"

"अगदी जवळ आलेले सूर असे थरथरतात. पूर्ण जुळले, की थरथर थांबते."

"मग तुझं काम ती थांबवायचं."

"बहुतेक वेळा. पण काही पेट्यांमध्ये मुद्दाम थोडं अंतर राखतात. एक सूर दुसऱ्याचा होत नाही… म्हणून तर आवाज जिवंत वाटतो."

"पुन्हा फुंकूया," ब्रिन्या म्हणाली.

त्यांनी पुन्हा फुंकलं. मग आणखी एकदा. मग पट्ट्या खाली राहिल्या. कोणी कोणाचं आधी चुंबन घेतलं यावर पुढे त्यांचं भांडण व्हायचं. वाळू इतका आवाज करत होती, की साक्षीला कोणीच नव्हतं.

वादळ थांबल्यावर दिसलं, गाडीचा एका बाजूचा पिवळा रंग खरवडून गेला होता. खाली कोवळा निळा होता.

"अरे," कोल्बेन चकित होऊन म्हणाला, "ही निळी होती."

ब्रिन्या हसली, आणि हसता हसताच थांबली. उद्या गुरुवार होता.

*

तिच्या शेताकडे जाणारं वळण आलं. त्यानं वेग कमी केला.

"बंदरापर्यंत येते," ती घाईनं म्हणाली. "परतायला बस आहे."

बसची वेळ तिला माहीत नव्हती. ब्रिन्याच्या ओठांवर तो एक शब्द येऊन बसला होता. थांब. किती लहान शब्द. आईलाही असाच लहान वाटला असेल… आणि तो शब्द तोंडातून निघेल, कोल्बेन थांबेल, हे तिला पक्कं दिसत होतं. म्हणून तर तिनं दात घट्ट मिटून घेतले होते.

धक्क्यावर गाड्यांची रांग लागायची होती. पिवळी गाडी सगळ्यात पुढे.

"मला दोन वाक्यं बोलायचीत," ती म्हणाली. "पण ती एकमेकांना जोडायची नाहीत."

"बरं."

"पहिलं. तू मला आवडतोस. म्हणजे… खूप."

त्यानं श्वास रोखला. "दुसरं?"

"मी तुला थांब म्हणणार नाही."

"मधे 'पण' नाही?"

"नाही. 'म्हणून'सुद्धा नाही. दोन्ही खरी आहेत, एवढंच."

तो काहीतरी म्हणायला गेला. तेवढ्यात चमकत्या जाकिटातला माणूस खेकसला, "ए पिवळ्या! का निळ्या! आत घे, पार टोकाला!"

"तुझे हात गार पडलेत," कोल्बेन एवढंच म्हणाला. त्यानं ते दोन्ही हातांत धरले, चोळले, आणि सोडले.

बोट खाडीतून बाहेर पडेपर्यंत ब्रिन्या उभी राहिली. रडू आलं नाही. पाय मात्र निघत नव्हते. आपण बरोबर वागलो, असं ती स्वतःला सांगत राहिली. बरोबर वागल्यावर इतकं रिकामं वाटतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

*

रविवारी डोंगर खाली उतरला. म्हणजे मेंढ्या उतरल्या, पण लांबून तसंच दिसतं. दगडी गोल कोंडवाड्यात सगळं खोरं जमलं होतं: पोरंटोरं, म्हातारे, कोटाच्या खिशातल्या बाटल्या, भसाडी गाणी. मेंढीला शिंगांनी धरायचं, दोन पायांत दाबायचं, कानाची खूण बघायची आणि ज्याची त्याच्या कप्प्यात ढकलायची.

"ब्रिन्या," बाबा म्हणाले, "तो कोण? मेंढीवर उलटा बसलाय."

तिनं मान वळवली.

चिखलात माखलेले शहरी बूट. लोकरीचा तोच स्वेटर. मेंढी एकीकडे ओढतेय, कोल्बेन दुसरीकडे.

ती गर्दीतून कशी गेली तिला कळलं नाही. समोर जाऊन उभी राहिली.

"तू… थांबलास?"

"नाही," तो धापा टाकत म्हणाला. "फॅरो बेटांवर उतरलो. बोट लागते ना तिथे मधे. दोन विमानं बदलून आलो. थांबायला नाही – एक विचारायचं राहिलं होतं. तू थांब म्हणणार नाहीस, ठीक. पण मला चल म्हणता येतं, हे मला बोट सुटल्यावर सुचलं. ब्रिन्या… येतेस?"

चल. ब्रिन्यानं तो शब्द घरात कधी ऐकलाच नव्हता. आईनं थांब म्हटलं, बाबा थांबले, आणि हा दुसरा शब्द इतकी वर्षं कोणालाच दिसला नव्हता. तिनं मागे बघितलं. बाबा हात कमरेवर ठेवून इकडेच पाहत होते. मेंढ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ही कोणाची?" कोल्बेननं मेंढी दाखवत विचारलं. उत्तराची वाट बघण्याची त्याला भीती वाटत होती, हे दिसत होतं.

तिनं वाकून मेंढीचा कान बोटांनी चाचपला. "शेजाऱ्यांची. सोड तिला. आणि तिकडची शिंगवाली धर, ती आमची. आज रात्रीपर्यंत सगळ्या मोजून झाल्या पाहिजेत."

"आणि मग?"

"मग बूट धुते," ती म्हणाली, "आणि येते."

त्यानं मेंढी सोडली. मेंढीनं जाता जाता त्याला आडवा केला. चिखलातून त्याला ओढून काढताना ब्रिन्याला एकदम आठवलं.

"अरे, गाडी कुठंय?"

बोटीच्या पार टोकाला अडकलेली गाडी आदल्या दिवशी दुपारीच डेन्मार्कला पोचली होती.