बारा गाठी

घराला लागून तळं किंवा पोहायचा तलाव असेल तर काय काय करायचं, त्याचा कागद ग्रामपंचायतीने खोडदमध्ये घरोघर वाटला, तो प्राचीने चार वेळा वाचला. तिच्या अंगणापासून वीस पावलांवर शेततळं होतं. आतून काळं प्लास्टिक, उतार असा निसरडा की पडलेलं कुत्रंसुद्धा वर यायचं नाही. आणि हर्षाली आता चार वर्षांची, पायाला भिंगरी.

"कागदावर समदंच असतंय," सासरे चांगदेव म्हणाले. "आमी विहिरीत उड्या टाकून मोठं झालो."

"तुमच्या विहिरीला पायऱ्या व्हत्या, तात्या."

तात्या हसले, आणि दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला घेऊनच आले.

पाच फुटी जाळी झाली. फाटकाला स्प्रिंग बसली. सोडलं की ते आपोआप मिटायचं आणि कडी आपली आपण पडायची. कडी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर. राहिला पडलेल्याला धरून वर यायला पाण्यात सोडायचा गाठींचा दोर. तो प्राचीने स्वतः केला. कागदात गाठींमध्ये फूटभर अंतर लिहिलं होतं. तिने मात्र हर्षालीला मांडीवर घेतलं, तिचे हात दोरावर ठेवले आणि ते पोचतील तिथे तिथे गाठ मारली. काठावरच्या खांबापासून पाण्यापर्यंत बारा गाठी. काथ्याचा दोर, उन्हात पिवळाधमक.

चौथ्या दिवशी दुपारी पाण्यालगतची गाठ ओली दिसली. वाऱ्याने पाणी उडालं असेल. पाचव्या दिवशी दोन ओल्या. सहाव्या दिवशी तीन, आणि तळ्यातलं पाणी तर उलट बोटभर उतरलेलं.

"अहो, दोर खालून वर भिजतोय," जेवताना ती सूरजला म्हणाली.

"काथ्या पाणी वढतो गं."

"मग नुसत्या गाठीच कशा भिजतील? मधला दोर कोरडा आहे."

सूरजचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "भात वाढ."

नऊ गाठी भिजल्या त्या दिवशी सासूबाई, ठकूबाई, तिच्याबरोबर आल्या. बराच वेळ दोराकडे बघत राहिल्या.

"गाठी लई जवळजवळ मारल्यास गं," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाला एवढ्या कशाला लागत्यात?"

अकरावी गाठ भिजली तेव्हा प्राची विळा घेऊन गेली. दुपारचे तीन. लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या उन्हात थरथरत होत्या. घरात हर्षाली निजलेली. आणखी एक गाठ, की मग काठ. आणि काठापासून घर वीस पावलं. हा दोर आज तोडायचा, उद्या दुसरा बांधायचा, लांब लांब गाठींचा.

तिने खांबाजवळ दोर हातात धरला.

तो ताणलेला होता.

खाली काहीच दिसत नव्हतं. पाण्यावर तरंगसुद्धा नाही. पण दोराला वजन होतं, आणि ते वजन तिच्या ओळखीचं होतं. दिवसभर ती तेवढंच कडेवर घेऊन फिरायची.

दोर जरासा ओढला गेला. थांबला. दमून श्वास घ्यावा इतका वेळ थांबला. पुन्हा ओढला गेला.

विळा दोराला लागला होता. एक झटका पुरे होता.

तिला तो देता येईना.

"हळू," ती म्हणाली. हर्षाली जिना चढताना ती तिला म्हणायची, तसं.

दोर सैल पडला. बारावी गाठ ओली झाली होती.

ती मागे न बघता बाहेर पडली. पाठीमागे फाटक मिटलं, कडी पडली. घरात येऊन तिने झोपलेल्या हर्षालीला उचललं आणि दिवस कलेपर्यंत खाली ठेवलं नाही.

मग तात्यांना घेऊन ती जाळीपाशी गेली. दोर पिवळाधमक, कोरडा.

"बघ, वाळला," तात्या म्हणाले.

प्राची दुसरीकडे बघत होती. तळ्यातला पाला काढायची बादली काठावर असायची. ती आता फाटकाच्या आतल्या बाजूला होती, बरोबर कडीखाली, पालथी. दिव्याचं बटण गाठायला हर्षाली घालते, तशी. बुडावर पाणी साचलेलं.

फाटक बंद होतं. कडीही पडलेली होती.

पण स्प्रिंग होती ना. ते आपोआपच मिटायचं.