काळा कंगवा

दिवा राहू दे, बारीक करू नकोस. तशी ही गोष्ट रात्रीची नाहीच. आमच्या साउसेस गावात भीती वाटते ती जेवणानंतरच्या दुपारी. खिडक्यांच्या झडपा बंद, माणसं आडवी, पाराना नदीसुद्धा निजल्यासारखी.

त्या दुपारी माझ्याकडे साधंच काम होतं : सेलमिराआत्याचे केस विंचरायचे. सकाळच्या बोटीने मी तिला रोसारिओहून आणलं होतं, शवपेटीत. ऊन उतरलं की दफन.

सेलमिराआत्या म्हणजे आपल्या भाषेतल्या पहिल्यावहिल्या बोलपटांतली नटी. पुरुषी टोपी घालून गायची. तिचा एकच मोठा चित्रपट. कंपनी बुडाली तेव्हा तिच्या सख्ख्या भावाने, आमच्या एवारिस्तोकाकांनी, राजधानीत जाऊन त्याची सगळी रिळं विकत घेतली आणि कंगवे बनवणाऱ्या कारखान्याला देऊन टाकली. वितळवायला! तेव्हा जुन्या फिल्मचं तेच करत. घराण्याची अब्रू वाचली म्हणे. वर पेटीभर काळे कंगवे घरी आणले. आमच्याकडे मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की, आणि घरात आलेल्या सुनेलाही, त्यातला एक मिळतो. मी माझा खणात फेकला आणि केस कानापर्यंत कापून आले. काका महिनाभर बोलले नाहीत. फार शांत महिना गेला.

दवाखान्यात शेवटी आत्याचा आवाजच गेला होता. ती कुजबुजली होती, "माझं गाणं... खड्ड्यापाशी... तू म्हण." मी शब्द दिला. पण ते गाणं होतं कसं? कुणालाच येत नव्हतं. मी विचारलं, तर तिने नुसतं केसांकडे बोट केलं. मला वाटलं, विंचरून हवेत.

मागच्या खोलीत शवपेटी उघडी होती. शेगडीवर येर्बाच्या काढ्याचं पाणी उकळत होतं. एर्मिनियाकाकूने स्वतःचा कंगवा माझ्या हातात दिला.

"पटकन उरक, नोएमी. आणि विंचरताना खोक."

"का?"

"आम्ही सगळ्या खोकतो."

ते खरंच होतं. या घरातल्या बायका वेणीफणी करताना खोकतात. लहानपणी मला वाटायचं, नदीच्या दमट हवेने.

मी कंगवा केसांत घातला. कापराचा वास आला; जुन्या फिल्ममध्ये कापूर असतो. दुसऱ्यांदा फिरवला... आणि केसांतून, अगदी खोलवरून, बाईचा आवाज आला. बारीक, खरखरीत, पण ठाम.

*दार लावा, मी खिडकीतून येईन...*

काकू भिंतीकडे बघून जोरात खोकली.

"काकू... तुला ऐकू येतं?"

"वीस वर्षं, पोरी. हळू बोल. काका जागे होतील."

वीस वर्षं! मला भीती वाटायला हवी होती. वाटत होतीही. पण भीतीहून राग मोठा होता. मी पुन्हा कंगवा फिरवला.

*खिडकी लावा, मी भिंतीतून येईन...*

पेटीत आत्याचे ओठ मिटलेलेच होते. मी ओळी पाठ करत गेले. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू होणार, तोच दार उघडलं.

"कोण गुणगुणतंय?" काका. डोक्यावर एक केस नाही, पायात सपाता.

"तुमची बहीण."

"नोएमी! मयताच्या घरात थट्टा? कॉलेजात हेच शिकवतात?"

"कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून इथे शिकतेय. संध्याकाळी तिच्या खड्ड्यापाशी म्हणणार आहे."

"माझ्या देखत? एकही सूर नाही."

त्यांनी कंगवा हिसकावला आणि शेगडीत टाकला. फिल्मच ती, ठिणगीने पेटणारी. भडका छतापर्यंत गेला. त्या उजेडात पांढऱ्या भिंतीवर एक बाई उभी होती : पुरुषी टोपी, कमरेवर हात, तोंड गाण्यासाठी उघडलेलं. ती काकांकडे बघत होती. मग उरली फक्त काजळी.

"संपलं," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

संध्याकाळी स्मशानात पाद्रीबाबांची प्रार्थना झाली आणि मी पुढे झाले. काकांनी माझा दंड धरला. मी झटकला आणि गायले. आवाज फाटत होता, तरी पहिलं कडवं अख्खं म्हटलं. पुढचं येत नव्हतं. मी थांबले.

तेव्हा काकांचं तोंड उघडलं.

त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं होतं. डोळे बाहेर आले होते. आणि बोटांच्या फटींतून आत्या गात होती, स्वच्छ, भरल्या गळ्याने :

*तोंड दाबा, मी तुमच्याच तोंडून येईन...*

कडवं संपेपर्यंत कुणी हललं नाही. कापराचा वास मात्र सगळ्यांना आला.

तेव्हापासून काका बोलत नाहीत. तोंडावर रुमाल बांधून हिंडतात. काल सकाळच्या बोटीने गळा दाखवायला रोसारिओला गेले. जाताना खोलीला कुलूप लावून किल्ली घेऊन गेले.

त्याच दुपारी जेवणं झाली. झडपा बंद झाल्या. बायका अंगणात केस मोकळे सोडून बसल्या होत्या, मीही त्यांच्यात. तेवढ्यात काकांच्या रिकाम्या, कुलूपबंद खोलीतून आत्याच्या आवाजात तिसरं कडवं सुरू झालं.

मी खणातून काढून दिलेला माझा काळा कंगवा काकूने गुडघ्यावर ठेवला, आणि ऐकत राहिली. कुणीच खोकलं नाही.