पाच तारखेचा मेसेज

मे महिन्यातल्या एका दुपारी बँकेच्या बोळिंज शाखेतली वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. बॅटऱ्या नेमक्या रेवाच्या टेबलाखाली होत्या. त्यामुळे दुरुस्तीला आलेला माणूस सरळ तिच्या पायांपाशीच येऊन बसला.

"मॅडम, खुर्ची जरा मागे घेता?"

रेवाने खुर्ची मागे घेतली आणि समोर बसलेल्या बाईंना सांगत राहिली, "स्कोअर तीनशे ते नऊशेमध्ये असतो. तुमचा साडेसातशेच्या वर आहे, काळजी नको."

"आनि तो खराब कशामुळे होतो?" टेबलाखालून आवाज आला.

बाई दचकल्या. रेवाने वाकून पाहिलं. घामाने चमकणारा चेहरा, कानामागे टेस्टर, आणि डोळ्यांत खरोखरचा प्रश्न.

"तुम्ही इन्व्हर्टर बघा."

"बघतोय. कान रिकामेच आहेत."

त्याचं नाव भूपेश. नालासोपाऱ्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातला. त्याला मोटर वाइंडिंगचा स्वतःचा गाळा टाकायचा होता आणि तीन ठिकाणी त्याचं कर्ज नाकारलं गेलं होतं. "कारन कोनी सांगत नाही. नुसतं सिबिल, सिबिल."

रेवा वटारची, केळीच्या वाडीतली. सहा वर्षं ती कर्जाचं टेबल सांभाळत होती आणि माणसांपेक्षा कागदांवर तिचा जास्त विश्वास होता. घरी स्थळाचा बायोडेटा आला तरी ती आधी मुलाने नोकऱ्या किती बदलल्या ते पाही. तिने भूपेशला कामापुरतं सांगितलं. स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो, तो मागवा. आपलाच रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर घटत नाही. पण दिसेल तिथे अर्ज करत सुटू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

"रिपोर्ट मागवला, पन वाचता नाही आला तर?"

"तर घेऊन या," ती म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आठवड्याभराने, बँक सुटल्यावर, बाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर ती पेन्सिल घेऊन त्याचा रिपोर्ट वाचत होती. स्कोअर सहाशे बारा. बाइकचे हप्ते दर दोन महिन्यांनी आठ-दहा दिवस उशिरा.

"गिऱ्हाइकाचे पैसे आले की भरायचो. भरत तर होतो!"

"भरलेले दिसतात. उशीरही दिसतो." पेन्सिल खाली सरकली आणि थांबली. "हे काय? मोबाइल, अठरा हजार, सेटल."

"ते मिटलं. कंपनीने थोडे पैसे घेतले, बाकीचे सोडले."

"तुमच्यासाठी मिटलं. बँक सेटल वाचते ते असं, की या माणसाने घेतलेलं पूर्ण परत केलं नाही."

भूपेश कपातल्या चहाकडे पाहत राहिला. "फोन माझ्यासाठी नव्हता. साखरपुडा झाला होता… मग मोडला. मोडलेल्या लग्नाचे हप्ते कोन भरनार?"

रेवाने पेन्सिल खाली ठेवली. रिपोर्टात या गोष्टीला रकाना नव्हता.

"तुम्ही भरायचे," ती म्हणाली. "फोन तिच्याकडे असेल, सही तुमची आहे."

तिला वाटलं, चिडेल. तो हसला. महिन्याभरात त्याने कंपनीने सोडून दिलेले सहा हजार दोनशेही भरले आणि काही बाकी नसल्याचं पत्र आणलं. रेवाने त्याच्याकडून कंपनीला अर्ज लिहून घेतला, 'सेटल'चं 'बंद' करून द्या म्हणून. बाइकचा हप्ता दर पाच तारखेच्या आत जायला हवा होता. "भरलात की कळवा," ती म्हणाली. हे काही बँकेचं काम नव्हतं.

जूनमध्ये मेसेज आला: "भरला." जुलैत: "भरला. नोकरदार झाल्यासारखं वाटतंय." ऑगस्टमध्ये: "भरला. तुमचा स्कोअर किती?"

"सातशे एक्क्याऐंशी."

"बाप रे… मग आपलं कठीन आहे."

रेवाने उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं, "स्कोअर वाढतो. वेळ लागतो."

सप्टेंबरच्या पाच तारखेला मेसेज आलाच नाही. रेवाने दिवसभरात अकरा वेळा फोन पाहिला. अकरा हा आकडा तिने स्वतः मोजला आणि स्वतःवरच वैतागली. संध्याकाळी ती स्कूटर काढत होती, तेव्हा भूपेशची बाइक समोर येऊन थांबली. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"हप्ता भरलाय. सकाळीच. मग पंप काढताना फोन पान्यात पडला… म्हटलं, समोर जाऊनच सांगावं."

"एवढ्यासाठी इथवर आलात? मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"…की हप्ता चुकला."

"फक्त हप्ता?"

रेवाने हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली. काचेआडचं हसू त्याला दिसलं असावं, कारण तोही हसत राहिला.

जानेवारीत स्कोअर सातशे अठरा झाला. इस्त्रीचा शर्ट घालून भूपेश तीन लाखांचा अर्ज घेऊन तिच्या टेबलापाशी आला. रेवाने पहिलं पान वाचलं, फाइल मिटली आणि उठून मॅनेजर प्रेमलता मॅडमच्या केबिनमध्ये गेली. तो गोंधळून मागोमाग गेला.

"मॅडम, हा अर्ज मी नाही तपासू शकत. केनींकडे द्या."

एका झेरॉक्ससाठी फाइल परत पाठवणारे केनी सगळ्या शाखेला माहीत होते. भूपेशचा चेहरा उतरला. "आठ महिने तुम्हीच शिकवलंत, आनि आता हातसुद्धा लावत नाही?"

"का गं?" प्रेमलता मॅडमनी विचारलं. "कागदांत गडबड आहे?"

"कागद चोख आहेत. पण अर्जदार ओळखीचे आहेत."

"ओळखीचे तर निम्मं बोळिंज आहे. नातेवाईक आहेत का? असतील तर तसं लिहून दे, मग फाइल दुसऱ्याकडे जाते."

रेवाने भूपेशकडे पाहिलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, पण आवाज नेहमीसारखाच होता, हिशेबी.

"अजून नाहीत."

मॅडमनी चष्मा काढला.

"अजून?" भूपेशने हळूच विचारलं.

"म्हणजे… तुमची हरकत नसेल तर."

"माझी? माझी कसली हरकत… मी तर जूनपासून—"

"ते जूनपासूनचं बाहेर जाऊन सांगा," मॅडम म्हणाल्या. "आणि रेवा, लिहून दे. तारीख घाल."

केनींनी पुढे ती फाइल दोनदा परत पाठवली आणि तीनऐवजी अडीच लाख मंजूर केले. पण ते फेब्रुवारीत. त्या दिवशी रेवा टेबलापाशी उभी राहून लिहीत होती आणि 'अर्जदाराशी नातं' या शब्दांपुढे तिचं पेन अडलं होतं.

"आजच येतो वटारला," भूपेश म्हणाला. "तुमच्या बाबांना विचारतो."

"आज नको. आज बाबा वाडीत असतील." तिने वर न बघता सांगितलं, "रविवारी ये."

तो जिन्यापर्यंत गेला आणि मागे वळला. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा 'ये' म्हणाली होती.