आठवा ट्रॅक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझे काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. आणि मारलीच, तर स्वतःच्याच तोंडाला काळं फासणारी थाप कोण मारेल?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुपार. जागा म्हणजे काकांचा जुना रेकॉर्डिंग स्टुडिओ, एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात. वरची खडखड गाण्यात उतरायची, म्हणून काका सगळं काम दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीच करत.

त्या तळघरात तीस वर्षांपूर्वी आठ गाण्यांचा एक अल्बम झाला होता.

गाणारा विटांचा ट्रक चालवायचा. सगळे त्याला ड्रायव्हर म्हणत. गिटार, ड्रम आणि साध्या माणसांची, धुळीच्या रस्त्यांची गाणी. ती गाणी अजून लोकांच्या तोंडी आहेत. त्यातही लोक जीव टाकतात तो माउथ ऑर्गनवर.

तो माउथ ऑर्गन काकांनी वाजवला होता.

टेपवर आठ ट्रॅक असत. म्हणजे आठ आवाज वेगवेगळे ठेवता येत. नववा हवा असेल, तर आधीच्या एकावरच तो भरायचा. जुना पुसला जायचा, कायमचा.

आठव्या ट्रॅकवर ड्रायव्हरची बायको होती. त्याच्या मागोमाग, हलक्या आवाजात गाणारी.

ड्रायव्हर माल घेऊन लांब गेला होता. मागे काकांनी आपल्या पोळीवर तूप ओढून घेतलं. तिच्या आवाजावर आपला माउथ ऑर्गन भरला. ड्रायव्हर परतल्यावर त्याला सांगितलं की टेप खराब झाली. भोळ्या माणसाने ते मानलं, वर माउथ ऑर्गन ऐकून काकांना मिठी मारली.

पुढे मुलगी झाली. मुलगी पाळण्यात असतानाच तिची आई तापाने गेली. ड्रायव्हरने पुन्हा लग्न केलं नाही, पोरीला एकट्याने वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तोही गेला.

आता रेकॉर्ड कंपनीला तो अल्बम नव्याने काढायचा होता. म्हणून त्या रविवारी काकांनी मूळ टेप लावली. शेजारी ड्रायव्हरची मुलगी बसली होती. तिला आईचा आवाज आठवतच नव्हता. टेपवर कुठे एखादा शब्द तरी राहिला असेल, या आशेवर ती आली होती.

काका तिच्याकडे बघत नव्हते.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटार आली. ड्रम आला. ड्रायव्हरचा आवाज आला.

माउथ ऑर्गनची जागा आली आणि...

काहीच नाही.

काकांनी बटणं तपासली, वायर काढून परत लावली. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. माउथ ऑर्गन कुठेच नव्हता. टेप कपाटात कुलपात होती आणि किल्ली काकांच्याच खिशात.

त्यांनी बाकीचे ट्रॅक बंद केले. फक्त आठवा चालू ठेवला.

नुसती खरखर.

मग त्या खरखरीत... कुणीतरी श्वास घेतला.

मुलगी पुढे सरकली.

"एवढं एक गाणं राहू द्या ना," बाईचा आवाज म्हणाला. "पोटातल्या बाळाला ऐकवीन कधीतरी."

 हे वाक्य काकांनी आधी ऐकलं होतं. ड्रायव्हर माल घेऊन गेला होता तेव्हा ती एकटी इथे आली होती, याच खुर्चीमागे उभी राहून हेच बोलली होती. माइक काचेपलीकडे होता. मशीन बंद होती. ते वाक्य टेपवर असणं शक्यच नव्हतं.

आणि तेव्हा काकांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. एकही गाणं ठेवलं नाही. नवऱ्याची दोस्ती तुटू नये म्हणून तीही मूग गिळून बसली.

मुलगी रडत होती. तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. मग तिचं रडणं थांबलं.

"काका, आई हे कुणाला म्हणतेय?"

काकांनी टेप थांबवली.

"बाबांना?" तिने विचारलं. "बाबांनी पुसायला लावलं?"

नाही म्हणायचं होतं. एकच शब्द.

काकांनी मान हलवली. होकारार्थी.

ती उठली. घरी गेली आणि तिने भिंतीवरचा बापाचा फोटो उतरवला. कंपनीला सांगून नव्या अल्बमच्या कव्हरवरूनही काढायला लावला. ज्याने तिच्या वेण्या घातल्या, तिच्या उशाशी रात्री काढल्या, त्याचं नावही ती आता काढत नाही.

पुढच्या रविवारी काकांनी टेप पुन्हा लावली. आठव्या ट्रॅकवर ती बाई नव्हती. माउथ ऑर्गनही नव्हता.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटार आली. ड्रम आला.

आणि ड्रायव्हरच्या आवाजाच्या जागी...

खरखर.

त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं गाणं गेलं.

काकांनी कंपनीतली कॉपी मागवली. तिच्यातूनही तीच दोन गाणी गेली होती. माझ्याकडे तो अल्बम आहे, लहानपणापासूनचा. मी घरी येऊन लावला. त्या दोन गाण्यांत वाद्यं वाजत राहिली, गाणारा माणूस नव्हता. तेव्हापासून मीही नीट झोपलेलो नाही.

"तिला खरं सांगून टाका," मी काकांना म्हटलं. "अजून वेळ गेलेली नाही."

"सांगणार आहे," काका म्हणाले. "ती माझं तोंड पाहणार नाही यापुढे. पण सांगणार आहे."

तेव्हा सहा गाणी शिल्लक होती.

काल मी पुन्हा विचारलं, तिला सांगितलं का म्हणून. काकांनी खाली बघितलं.

"एक आहे अजून," ते म्हणाले.